गिरिजाच्या ताटाबद्दल

वाडग्याच्या काठावर दुधाचा एक थेंब अडकून राहिला होता, पांढरा नव्हे, पांढऱ्याला कुणी चिमटा काढावा तसा गुलाबी, आणि तो ओघळणार की तिथेच सुकणार याकडे सुरेखाबाई केव्हाच्या बघत उभ्या होत्या. ओघळला असता तर ओट्यावरच आला असता. पण सिंकच्या अलीकडचा ओटा त्यांचा आणि पलीकडचा सुनेचा, गिरिजाचा. थेंब पलीकडे पडला असता, म्हणजे तक्रार करण्यासारखं तसं काही नव्हतंच. तरी त्या बघत होत्या. आत, दुधाखाली, ते होतं. फ्रिजच्या खालच्या खणात रात्रभर बुडवून ठेवलेलं, जांभळट, पाण्यातल्या दगडासारखं गुळगुळीत... दुधात ठेवलं की उग्रपणा जातो म्हणे. आणि दूध त्याच कॅनमधलं, ज्यातलं पळीभर त्यांनी सकाळी देवापुढे ठेवलं होतं. ज्या जनावराचं दूध, त्याच जनावराचं हे — दोन्ही पुन्हा एका वाडग्यात आणून ठेवलेली, वर नीट झाकण, झाकणावर तारखेची चिठ्ठीसुद्धा! असं करायला छाती लागते, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच ओठ आवळून त्यांनी माळेचा पुढचा मणी ओढला.

मौन होतं. आषाढी एकादशीला त्यांनी नेम घेतला होता — सकाळच्या आंघोळीपासून दुपारचं पान उचलेपर्यंत अक्षर बोलायचं नाही — आणि यंदा अधिक महिना आल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला होता, जसा त्यांचा इथला तीन महिन्यांचा मुक्काम नऊ महिन्यांचा झाला होता. फेब्रुवारीत मिरजेहून निघताना त्यांनी उन्हाळ्यात परतायचं म्हणून कुरडयांचे गहू भिजवायचं शेजारणीला सांगून ठेवलं होतं. मग साथ आली, विमानं बंद झाली, व्हिसा आपला आपणच वाढत गेला, आणि आता नोव्हेंबरातही घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती. बंदी! त्यांचं इथलं जग कॅरिगालाइन नावाच्या या परक्या गावातल्या घराच्या अर्ध्या ओट्याएवढं. त्यांना कुणी पाच किलोमीटर दिलेच कशाला? अजून पाच दिवसांनी प्रबोधिनी एकादशी, मग मौन सुटणार होतं, आणि त्या दिवसाची त्यांना ओढ वाटायला हवी होती. वाटत नव्हती. बहिणीला फोनवर त्या म्हणाल्या होत्या, माझा अर्ध्या दिवसाचा आवाज मी देवाला दिलाय. ते खोटं नव्हतं. पण रोज सकाळी आंघोळीचा पहिला तांब्या डोक्यावर पडला की त्यांना सुटल्यासारखं व्हायचं, आता एक वाजेपर्यंत तिच्याशी बोलायला नको, आणि ही सुटका देवाच्या खात्यात कशी लिहायची ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बाहेरच्या खोलीतून गिरिजाचा आवाज येत होता, ऑफिसचा, इंग्रजी, उगाचच हसरा. 'ग्रँड, ग्रँड, दॅट्स ग्रँड.' सगळंच हिचं ग्रँड. सुरेखाबाईंनी मणी ओढला. लाडू. आणखी एक मणी. लाडवांचा खोका. जानेवारीत गिरिजाचं पोटातलं दहाव्या आठवड्यात गेलं, म्हणून तर त्या आल्या होत्या, डिंक तळून, खारीक कुटून, दोन किलोंचे लाडू विमानातून मांडीवर आणल्यासारखे आणले होते. 'थँक्यू आई, प्रेसमध्ये ठेवते,' ती म्हणाली. प्रेस म्हणजे कपाट, हे त्यांना आठ दिवसांनी कळलं. तोवर लाडू इस्त्रीपाशी कशाला ठेवायचे याचंच कोडं. मे महिन्यात ते ब्राऊन बिनमध्ये, ओल्या कचऱ्यात, दिसले. 'बुरशी आली होती, आई.' आली असेल. उघडलेच नाहीत तर येईल नाही तर काय... राम राम राम. माळ एकशे आठ मण्यांची, आणि प्रत्येक मण्याला गिरिजाची एक गोष्ट पुरायची. काही सकाळी तर मणी कमी पडायचे.

ते पहिल्यांदा घरात आलं जुलैत. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की रक्तात लोह फार कमी आहे; गोळ्यांनी गिरिजाचं पोट बिघडायचं; मग तिने लॅपटॉपवर काय काय वाचलं आणि गावातल्या खाटकाकडून कागदात गुंडाळलेली गाईची कलेजी घेऊन आली. गिरिजा नागपूरची, माहेरी रविवारी मटण शिजायचं, ते सुरेखाबाईंनी लग्नातच गिळलं होतं. पण हे! त्या काही ओरडल्या नाहीत. सुरेखाबाईंचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही; माहेरी म्हणायचे, सुरेखा म्हणजे गरीब गाय. शेगडीवरच्या त्या वासात उभं राहून त्या, अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाल्या होत्या — "पोटात काय जातं ना गिरिजा, त्यावर पोटात काय राहतं ते ठरतं गं."

गिरिजाने सुरी खाली ठेवली आणि ती वर निघून गेली. तीन दिवस खाली जेवायला आली नाही. चौथ्या दिवशी मुलगा उपेंद्र रिंगास्किडीच्या औषधांच्या प्लांटमधून पाळी संपवून आला, सोफ्यावर बसूनच त्याने बूट काढले आणि म्हणाला, "हे बघा, मी बारा तास डोक्यापासून पायापर्यंत सूट घालून उभा असतो. नाक खाजलं तरी हात लावता येत नाही. घरी आल्यावर मला शांतता पाहिजे. आई, गिरिजाच्या ताटाबद्दल तू बोलायचं नाहीस. गिरिजा, आईच्या व्रतांबद्दल तू बोलायचं नाहीस. ठरलं?" ठरलं. डावीकडच्या दोन शेगड्या आईच्या, उजवीकडच्या गिरिजाच्या. फ्रिजचा वरचा कप्पा आईचा, खालचा खण तिचा. पोराने दोन बायकांची वाटणी अशी केली की कारखान्यातला गाळासुद्धा कुणी इतका चोख वेगळा करत नसेल. सुरेखाबाईंनी करार अक्षरशः पाळला. पाळण्यात त्यांचा हात धरणारं कोण होतं? त्या चाळीस वर्षं पाळतच आल्या होत्या, वार, तिथी, सोवळं, नवऱ्याचं पथ्य, त्याच्यामागे त्याची श्राद्धं.

नऊ दिवसांपूर्वी ऊन पडलं होतं. दुपारी त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडून शेजारची ब्रीडा दोन मीटर अंतर राखून गप्पा मारत होती. ब्रीडा सत्तरीची, जन्मभर इस्पितळात सुईण म्हणून राबलेली. सुरेखाबाईंना इंग्रजी बोलता येत नसे पण समजत असे, आणि ब्रीडाला ऐकणारं माणूस पुरत असे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास आला. ब्रीडाने नाक वर करून तो आत ओढला. लिव्हर आणि कांदा ना? माझी आई दर गुरुवारी करायची. मग हाताने पोटापुढे एक मोठा गोल काढून ती म्हणाली, पण दिवस गेलेल्या बाईने शिवायचंसुद्धा नाही हं, त्यात अ जीवनसत्त्व इतकं की बाळाला वाईट. आम्ही पहिल्याच भेटीला बजावायचो. आणि हसून ती तिच्या कुत्र्याविषयी बोलायला लागली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक सुरेखाबाईंना होतं. गिरिजाने कॉफी सोडली होती. दुपारी चारला लॅपटॉपपुढे मान टाकून झोपायची. आणि किटलीवरच्या कपाटात, चहाच्या डब्याच्या मागे, फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांची डबी. दोन बाळंतपणं केलेल्या बाईला याहून काय सांगायला लागतं?

सुरेखाबाईंनी हातातला टॉवेल झटकला, चिमटा लावला आणि मान डोलावली.

त्या संध्याकाळी गिरिजाने ते खाल्लं. मग धनत्रयोदशीला. लक्ष्मीपूजनाला नाही. पाडव्याला पुन्हा. परवा पुन्हा. चार ताटं. दर वेळी सुरेखाबाईंनी मनाशी वाद घातला, आणि दर वेळी वाद त्यांनीच जिंकला. मौन आहे. मौन नाही तेव्हा करार आहे. करार मोडला तरी सांगायचं कसं? तिने मला सांगितलंच नाहीये. मग मी तुझं कपाट धुंडाळलं हे कबूल करू? आणि सांगितलं तर ती काय म्हणेल ते मला पाठ आहे, तेच म्हणेल, जुलैतलंच वाक्य तुम्ही नवीन कपडे घालून आणलंत. खरंच की! वाक्य तेच होणार होतं. खाऊ नकोस, पोटातल्याला वाईट. तेव्हा मी ते तिला बोचावं म्हणून म्हटलं होतं आणि आता ते खरं निघालं, यात माझा काय दोष? तिला लॅपटॉपवर जगातलं सगळं सापडतं, हेच कसं सापडत नाही? सापडेल. तिची ती शिकलेली आहे. मी काही केलेलं नाही. मी फक्त बोलले नाही... किंवा... पण या 'किंवा'च्या पुढे त्या कधी जात नसत. तिथे मणी ओढायचा.

"अजून उभ्याच तुम्ही?" गिरिजा आत आली, कानातला हेडफोन गळ्यात, अंगावर वर ऑफिसचा शर्ट आणि खाली उपेंद्रची जुनी ट्रॅकपँट. "बसा ना, आई. वीस मिनिटं मिळालीत मला, पटकन करून घेते. आणि तो धुराचा अलार्म आज वाजला तर तुमच्या धुपाने वाजेल हं, माझ्या पॅनने नाही. आत्तापर्यंतचा स्कोअर चार-शून्य आहे."

सुरेखाबाईंनी डावीकडच्या शेगडीवरच्या वरणाला उगाच ढवळलं.

"मौन भारी सोयीचं आहे पण. मलापण पाहिजे ऑफिसात. 'सॉरी जॉन, माझा चातुर्मास आहे, तू बोल.'"

करारभंग. व्रतांबद्दल बोलायचं नाही असं ठरलेलं. तरी सुरेखाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काही तरी हललं, हसू असावं, आणि ते हिच्यामुळे हललं याचाच त्यांना राग आला. गिरिजाने दूध सिंकमध्ये ओतून टाकलं. त्या मांसाचा तुकडा पाटावर घेऊन तिने वरचं पातळ कातडं नखाने सोललं, पातळ पातळ चकत्या केल्या. हात सराईत, मान मात्र बाजूला वळवलेली. हे सुरेखाबाईंनी आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण अशा वेळी त्या स्वतःच मान वळवून असत. कांदा तांबूस झाला, चकत्या तेलात पडल्या, आणि तो वास उठला, लोखंडाचा, ओल्या नाण्यांचा, आणि गिरिजाने झटकन बाही नाकावर धरली, दोन पावलं मागे आली, सिंकवर ओणवी झाली. कोरडी उमळ. पुन्हा एक. मग नळ सोडून तिने तोंडावर पाणी मारलं, आणि परत जाऊन चकत्या उलटल्या.

"तुम्ही आत्ता बोलणार नाही ना?" पाठमोरीच ती म्हणाली. आवाज ऑफिसचा नव्हता. "एक वाजेपर्यंत? मग सांगते. मला कुणाला तरी सांगायचंय, आणि त्यावर कुणी काही म्हटलेलं मला नकोय."

सुरेखाबाईंच्या हातातला डाव वरणात उभाच राहिला.

"दिवस गेलेत मला. आठ आठवडे झाले. उपेंद्रला सांगितलं नाही अजून. मागच्या वेळी त्याने नागपूर, मिरज, अमेरिका, सगळीकडे फोन केले, आणि मग तीन आठवड्यांनी सगळ्यांना परत फोन केले. मी वर पलंगावर पडून ऐकत होते. प्रत्येकाला तेच वाक्य. शेवटी शेवटी तर त्याचं ते पाठच झालं होतं." तिने लिंबू चिरलं, फोड चकत्यांवर पिळली. "आणि हे मी चवीने खाते असं वाटतं ना तुम्हाला? किळस येते मला, आई. मला घरची कलेजीसुद्धा कधी आवडली नाही, बाबा ओरडायचे. श्वास धरून गिळते. वर पाणी. एक दिवसाआड, एरवी एकदाही चुकवलं नाही. लक्ष्मीपूजनाला तुमच्यासाठी नाही केलं, तर दोन दिवस धाकधूक होती मला. मागच्या वेळी रक्त कमी होतं माझं, त्याने गेलं का, डॉक्टर म्हणते तसं काही नसतं... पण तुम्ही म्हणालात ना तेव्हा. पोटात काय जातं त्यावर काय राहतं ते ठरतं. इतकं लागलं होतं मला ते! वाटलं होतं, म्हातारीला विमानात नाही तर बोटीत बसवावं, पण घालवावं." ती थोडं हसली. "मग वाटलं, खरं असलं तर? म्हणून नेमाने घालतेय पोटात. तुमच्यासारखंच. झालं. एवढंच सांगायचं होतं."

तिने ताट घेतलं. चकत्या, कांदा, ब्रेडचा तुकडा, पाण्याचा मोठा ग्लास. टेबलाशी बसली, पाठ ताठ केली, डोळे मिटले, एक श्वास घेऊन धरला, आणि सुरेखाबाईंनी हे ओळखलं. कडू काढा पिताना, निर्जळीच्या दिवशी शेवटच्या तासाला, नवऱ्याच्या तेराव्याला सगळ्या बायकांसमोर पहिला घास तोंडात घालताना, त्या स्वतः अशाच बसत आल्या होत्या. काटा वर जात होता. अजून वेळ आहे, अजून बारा वाजून दहा मिनिटंच झालीत, पान उचललं नाही, देवाला दिलेला शब्द... कुठल्या देवाला? त्या शेगडीपासून टेबलापर्यंत कशा गेल्या ते त्यांना कळलं नाही. मध्ये सिंक होतं, त्यापलीकडे त्या चार महिन्यांत गिरिजादेखत कधी गेल्या नव्हत्या.

"खाऊ नकोस."

सकाळपासून न वापरलेल्या गळ्यातून आवाज खरखरीत आला, मोठा आला. गिरिजाने डोळे उघडले. काटा तसाच हवेत. आधी ती नुसतीच बघत राहिली, जणू भिंत बोलली होती, आणि मग तिचा चेहरा कडेकडेने मिटत गेला.

"बोललात," ती म्हणाली. "मी आत्ता काय सांगितलं तुम्हाला? आणि तुम्हाला दिसलं काय, तर ताट! पाच महिने तोंड शिवून बसलात आणि उघडलंत ते यासाठी? काय बाई आहात हो तुम्ही!"

"तसं नाही. अगं, पोटात असताना हे... बाळाला वाईट असतं. त्यात ते जास्त असतं. अ जीवनसत्त्व."

"हो का? कुठल्या पोथीत आलंय?"

"ब्रीडा म्हणाली."

त्या नावाने ती थांबली. काटा खाली ठेवून तिने फोन उचलला. अंगठा भराभर चालला, मग हळू, मग थांबला. शेगडीवर रिकामा पॅन चुरचुरत होता आणि तो बंद करायला हवा हे दोघींनाही सुचत नव्हतं. सुरेखाबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, इतक्या जवळून त्यांनी तो पाहिला नव्हता. वरच्या ओठावर पाण्याचे थेंब तसेच, डोळ्यांखाली काळं. आणि — हे त्यांना स्पष्ट जाणवलं, जाणवायला नको होतं — गिरिजा वाचत असताना छातीत एक छोटा, गरम, गोड आनंद उठला: बघ, मी म्हणत होते. ऐन या क्षणी. तो आनंद त्यांच्या ओळखीचा होता. नऊ दिवस रोज जेवताना तो त्यांच्या शेजारी बसला होता. त्या त्याला नेम म्हणत होत्या.

गिरिजाने ताट वीतभर लांब सारलं. ती रडली नाही. ओठ न हलवता काही तरी मोजत असावी, आठवडे, वार, चकत्या. "ते फार मोठं नसेल ना..." ती फोनलाच म्हणाली, "डॉक्टरला विचारते... आत्ताच लावते..." आणि नंबर शोधता शोधता मध्येच थांबून तिने वर पाहिलं. तोवर तिच्या मनात कसला संशयही नव्हता. साधाच प्रश्न होता, माणूस विचारतो तसा.

"ब्रीडा कधी म्हणाली तुम्हाला?"

काल. शब्द तयार होता, दोन अक्षरं, जिभेवर येऊन बसलेला, मऊ. काल, अगं, कपडे काढताना. ब्रीडाला कोण विचारायला जातंय. नेहमीच्या आवाजात म्हटला असता, हळू, पदराने हात पुसत, तर गिरिजाने मान डोलावली असती आणि दोघींमध्ये कदाचित या घरातली पहिली बरी गोष्ट सुरू झाली असती. तो हळू आवाज त्यांना आतल्या आत ऐकू आला, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा तो त्यांना बाहेरून ऐकू आला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, कुणी तरी अगदी सावकाश, अगदी प्रेमाने, काही तरी झाकत असावं तसा. त्यांनी गिरिजाचा राग शोधला, नेहमी हाताशी असणारा, टेकायला उपयोगी पडणारा. लाडू, बुरशी, ट्रॅकपँट, ग्रँड... एकही मणी हाताला लागेना.

"आई? कधी?"

वर जिन्यापाशी फळी वाजली. उपेंद्र रात्रपाळीची झोप संपवून उठला असावा. सुरेखाबाई उभ्या होत्या. तोंड उघडं होतं. मौन मोडलं होतं, करार मोडला होता. आता बोलायला कशाचीच आडकाठी उरली नव्हती, आणि इतकं उघड्यावर त्या आयुष्यात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.